भिंतीत गेलेली पांढरी माणसं

बुधवारी सकाळी पद्मजा मगदूमनं नवऱ्याचं रक्त स्लाइडवर पसरलं, त्यावर जांभळा रंग ओतला, धुतला, सुकवला आणि स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर त्यात एकही पांढरी पेशी नव्हती.

तिनं स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. तांबड्या पेशी होत्या, हव्या तेवढ्या. प्लेटलेट होत्या, त्यांच्या मधेमधे भुरभुरल्यासारख्या. पांढरी एक नाही. तिनं दुसरी स्लाइड केली, मग तिसरी. एकोणतीस वर्षं ती मिरजेतल्या या लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मोजत आली होती. उजव्या हातानं स्लाइड सरकवायची, डाव्या हाताखाली पाच बटणांचं यंत्र, प्रत्येक जातीला एक बटण. शंभर पेशी झाल्या की यंत्राची घंटी वाजायची. त्या सकाळी घंटी वाजली नाही.

ती डॉक्टर सबनीसांच्या खोलीत गेली. लॅबचे डॉक्टर तेच.

"सर, आमच्या ह्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी नाहीत."

"कमी आहेत?"

"नाहीत."

सबनीसांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माणूस कसा आहे?"

"घरी आहेत. चालताना छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणतात. म्हणून तर रक्त काढलं."

"पेशी अशा नाहीशा होत नाहीत, मगदूमबाई. जागा बदलतात. कुठंतरी काम निघालं असणार." त्यांनी रिपोर्ट पुढं ओढला, पांढऱ्या पेशींच्या रकान्यात आकडा टाकायच्या जागी 'बाहेर गेल्या आहेत' असं लिहिलं आणि खाली सही केली. "घरी जाऊन बघा," ते म्हणाले.

पद्मजा दुपारी घरी गेली.

लक्ष्मी मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढं स्वयंपाकघर आणि बसायची खोली, मग सोळा फूट लांबीचा एक बोळ आणि बोळाच्या शेवटी मागची खोली, तिला लागून न्हाणी. मागच्या खोलीत भूपाल रबरी शिक्के बनवायचा. मुख्याध्यापकांचे, सरपंचांचे, डॉक्टरांचे. पलीकडं कुणाच्या तरी गोदामाची भिंत असल्यामुळं त्या खोलीला मागं दार नव्हतं, वर छताजवळ फक्त एक झरोका होता. तिथं जायला आणि तिथून यायला वाट एकच, बोळ.

बोळात एक माणूस उभा होता. पांढरा. कपडे पांढरे असं नाही, तोच पांढरा होता, शिजलेल्या तांदळाच्या पेजेसारखा, कडेनं थोडासा आरपार दिसणारा. अंगानं चांगला मोठा. छातीच्या आत त्याला काहीतरी जांभळं होतं, घेवड्याच्या दाण्यासारखं, मधे खाच असलेलं. पद्मजानं त्याला लगेच ओळखलं. अशा कितीतरी तिनं रोज मोजल्या होत्या. चौथं बटण. मोनोसाइट, पांढऱ्या पेशींतली सगळ्यात मोठी जात.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

"भिंत."

"पाठवलं कुणी तुम्हाला?"

"भिंतीनंच बोलावलं. इथं खरचटलंय."

ते खरं होतं. तीन महिन्यांपूर्वी पद्मजानं हट्टानं एक लोखंडी कपाट घेतलं होतं. मागच्या खोलीत नेताना चार हमालांच्या हातून ते तिरकं झालं आणि कपाटाच्या कोपऱ्यानं भिंतीचा गिलावा हातभर लांब उकरला गेला. 'असू दे, बघू नंतर,' भूपाल म्हणाला होता. आणि त्याच भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, तेलाचा एक लांबच लांब पट्टा होता. लग्न झाल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं, भूपाल न्हाणीतून आला की डोक्याला तेल चोळायचा आणि तोच हात भिंतीवरून फिरवत बोळातून पुढं यायचा. पद्मजा त्यावरून सुरुवातीला बोलली, मग बोलायची थांबली. आता ते तेल त्या ओरखड्यातून आत मुरलं होतं. भिंत तिथं पिवळी पडली होती.

माणसानं भिंतीला तळहात टेकवला. मग गाल, मग पोट. तो भिंतीवरून हळूहळू लोळत पुढं सरकला, चिकटत, सुटत, पुन्हा चिकटत, आणि ओरखड्यापाशी थांबला. तिथं त्यानं स्वतःला लाटल्यासारखं पातळ केलं. एक हात गिलाव्याच्या आत घातला. मग तिच्याकडं वळून पाहिलं.

घरातून निघताना आपल्याकडं कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात.

"जातो," तो म्हणाला, आणि आत गेला.

भिंत तेवढ्यापुरती फुगली आणि तशीच राहिली.

भूपाल मागच्या खोलीत टेबलावर वाकून उलटी अक्षरं कोरत बसला होता. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "सकाळपासून चौदा झाले."

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?"

"विचारायचं काय? कामाची माणसं आहेत. तेल खातात. भिंत स्वच्छ होईल म्हणाले." त्यानं कोरणी खाली ठेवली आणि डावा दंड चोळला. "सभ्य आहेत गं. वाटेत आलं की बाजूला होतात."

पद्मजानं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो माणूस असाच होता. दारात आलेल्याला परत पाठवणं त्याला कधी जमलं नाही. मिरजेत कुणाच्याही घरी पाहुणे जास्त झाले की मगदूमांकडं अंथरुणं घालायची, हे ठरलेलं होतं.  बाहेर जाऊन तिनं कणीक मळली. बोळातून पावलांचे आवाज येत राहिले, मऊ, ओल्या पायांचे.

शुक्रवारपर्यंत बोळ अरुंद झाला. आधी दोन माणसं एकमेकांना ओलांडून सहज जायची. आता पद्मजाला पाण्याची बादली पुढं धरून जावं लागायचं, कडेला धरली की दोन्ही भिंतींना लागायची. शनिवारी ती कडेकडेनं, आडवी होऊन गेली. ओरखड्याच्या बाजूची भिंत गरोदर बाईसारखी पुढं आली होती. हात लावला तर कोमट लागत होती. कान लावला तर आतून साबणाचा फेस विरतो तसा आवाज येत होता, बारीक, सतत.

"आत कोण आहे?" तिनं विचारलं.

"आम्ही," भिंत म्हणाली. पुष्कळ तोंडं एकदम बोलत होती, पण मोठ्यानं नाही.

"काम झालं असेल तर बाहेर या."

"बाहेर येता येत नाही. पोट भरलंय."

"मग खाऊ नका."

"समोर आहे."

"आणि ही नवी माणसं कशाला बोलावताय रोज?"

"आम्हाला बाहेर काढायला."

पद्मजानं मागं वळून पाहिलं. पुढच्या दारातून तिघं जण आत येत होते. चपला नसल्यामुळं त्यांना उंबऱ्याशी थांबायचं कारण नव्हतं. ते तिच्या बाजूनं, अंग चोरून, आदरानं पुढं गेले, भिंतीला चिकटले आणि एकामागून एक आत शिरले. भिंत आणखी तीन बोटं पुढं आली. पद्मजा भिंतीपासून दोन पावलं मागं सरली. तिला त्यांची भीती वाटत नव्हती. आयुष्यभर तिनं लोकांना सांगितलं होतं, पांढऱ्या पेशी म्हणजे आपली माणसं, ताप आला की हीच धावून येतात. आताही ती आपलीच होती, आणि धावूनच येत होती.

रविवारी तिनं दस्तगीर मिस्त्रींना बोलावलं. दस्तगीर म्हणजे गल्लीतल्या निम्म्या घरांचा गवंडी. भूपालचा शाळासोबती. त्यानं थापीच्या दांड्यानं भिंत वरपासून खालपर्यंत वाजवली. काही ठिकाणी भद्द आवाज आला, काही ठिकाणी आवाजच आला नाही.

"वहिनी, हे फोडायचं नाही," तो म्हणाला.

"फोडून आतलं काढून टाकता येणार नाही?"

"आत माणसं हायती. दगडमाती असती तर काढली असती." त्यानं फुगवट्यावर हात ठेवला आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा थोडा वेळ राहू दिला. "हे फुटलं तर सगळं बोळात येणार. मग कुणाच्या बापाच्यानंबी आवरायचं नाही. मी वरनं पक्का गिलावा देतो. झाकण. झाकण टिकलं तर घर टिकलं."

"आणि बोळ?"

"बोळ काय, आहे तेवढा आहे."

त्यानं दिवसभर काम केलं. सिमेंट, वाळू, वर तारेची जाळी. मागच्या खोलीतून भूपाल त्याच्याशी गप्पा मारत होता, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. शाळेतले मास्तर, कृष्णेत पोहायला गेलेले दिवस, कोण गेलं, कोण राहिलं. भूपालचा आवाज बारीक येत होता, नळीतून बोलल्यासारखा. काम संपल्यावर दस्तगीरनं हात धुतले आणि पुढच्या खोलीत पद्मजाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "त्याला हितनं बाहेर काढा, वहिनी. आज-उद्यात. पण भिंतीला घासू देऊ नका. अजिबात."

"ते येत नाही म्हणतात."

"मग मला काय म्हायती," दस्तगीर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं ते बाहीला पुसलं आणि तो गेला. पांढऱ्या माणसांच्या रांगेतून वाट काढत गेला. रांग आता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

भूपाल खरंच येत नव्हता. "काम आहे," म्हणायचा. "इथं झरोका आहे, हवा येते." पद्मजा शेजारच्या उपाध्येकाकूंकडं अंघोळीला जायला लागली. भाकरी आणि भाजी ती धुणं वाळत घालायच्या लांब काठीला पिशवी अडकवून बोळातून आत सरकवायची. भूपाल पलीकडून पिशवी काढून घ्यायचा आणि काठी दोनदा हलवायचा, म्हणजे मिळालं. एक मुख्याध्यापक शिक्का न्यायला आले, बोळाच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी आत पाहिलं आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. गिऱ्हाइकं त्यानंतर आली नाहीत.

सोमवारी तिनं काठीला सुई आणि कोरी स्लाइड बांधून पाठवली. भूपालनं स्वतःच बोट टोचलं, रक्ताचा थेंब स्लाइडवर ठेवला आणि दुसऱ्या काचेनं ओढला. त्याला ते नीट जमलं होतं. एकतीस वर्षं तिच्याबरोबर राहून तेवढं तो शिकला होता.

लॅबमध्ये तिनं पाहिलं. पांढऱ्या पेशी नव्हत्याच. पण तांबड्या पेशी आता पसरलेल्या नव्हत्या. त्या स्लाइडवर एकामागं एक, एका रेघेत उभ्या होत्या, दोन्ही बाजूंना जागा मोकळी असताना. अंग चोरून. बोळातून जायची सवय झाल्यासारख्या.

तिनं सबनीसांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि ते खुर्चीत बसले.

"बाहेर काढावं लागेल, बाई. तिकडं फार दिवस राहू देऊ नका. पलीकडं पुरेसं काही पोचत नाहीये."

"काढते. पण भिंतीला घासू द्यायचं नाही म्हणतात."

"बरोबर म्हणतात."

"मग कसं काढू?"

सबनीसांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "ते मला सांगता येणार नाही. मी फक्त स्लाइड बघतो."

ती घरी आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बोळ आता दीड वीत उरला होता. तिनं दस्तगीरच्या गिलाव्यावर बोट टेकवलं. रविवारी हाताला दगड लागला होता, आता पापड लागला. आतून कुणीतरी नखं घासत होतं, सावकाश, चुना पोखरावा तसं. गिलाव्यामागून कितीतरी घेवड्याचे दाणे जांभळे जांभळे दिसत होते.

"तुम्ही झाकण का खाताय?" तिनं विचारलं.

"तेल संपलं की जे असतं ते खातो," भिंत म्हणाली. "पण तेल मिळतंय अजून."

"कुठून?"

आत नखं पुन्हा घासू लागली.

"अहो," पद्मजानं बोळात तोंड घालून हाक मारली. "अहो, ऐकताय का? ह्यांना तेल कोण देतंय?"

भूपाल पलीकडून बोलला. "मी."

"काय?"

"रोज सकाळी विचारतात. अजून आहे का म्हणून. किती हळू विचारतात, पद्मा. बाटलीतलं ओंजळभर घेतो आणि लावतो भिंतीला." तो थांबला. त्याला दम लागत होता. "उपाशी माणसाला नाही कसं म्हणायचं? मला नाही येत म्हणता."

पद्मजाला राग आला. ती बोळाच्या तोंडाशी खाली बसली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो रडका. "अहो, ती उपाशी नाहीत. ती फुटायला आलीत."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"चार दिवस." मग तो म्हणाला, "मला भीती वाटते गं. तेल दिलं नाही तर ती दुसरं काहीतरी मागतील असं वाटतं."

पद्मजानं पदरानं डोळे पुसले.

"कपाट मी आणलं," पद्मजा म्हणाली. "मी हट्ट केला नसता तर भिंत खरचटलीच नसती."

"तेल माझं होतं."

"कपाट नसतं तर तेल वरच राहिलं असतं."

"बरं," भूपाल म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. "दोघांचं मिळून आहे म्हण. बाकी आपण दोघांनी मिळून काय केलं? हे केलं." मग त्यानं पलीकडून काठीचं टोक धरलं. पद्मजानं अलीकडचं धरलं.  त्याची नखं लांबूनही निळी दिसत होती. ते पाहिल्यावर तिनं ठरवलं.

"शर्ट काढा," ती उठून म्हणाली. "बटणं घासतील. बंडीवर या. घड्याळ काढा. जानवं काढून ठेवा. फुगवट्याकडं तोंड नको, पाठ करा. चांगल्या भिंतीकडं तोंड करा, मान वळवून ठेवा, आणि मी सांगेन तेव्हाच श्वास घ्या."

"आणि पाठ?"

"पाठीवर ओलं फडकं टाका. सरकेल."

भूपालनं ऐकलं. कधी नव्हे ते त्यानं काही फाटे फोडले नाहीत. तिनं आईच्या वेळची, मऊ झालेली दोन लुगडी भिजवली आणि एक काठीनं आत पाठवलं. ते त्यानं पाठीवर घेतलं, दुसरं तिनं काठीला बांधून फुगवट्यावरून पसरलं, जमेल तेवढं. मग तो बोळात शिरला.

"श्वास सोडा. सगळा सोडा. आता एक पाऊल."

त्यानं एक पाऊल टाकलं.

"थांबा. थोडासा घ्या. सोडा. एक पाऊल."

असं सोळा फूट यायचं होतं. पहिल्या पाच फुटांना अर्धा तास लागला. बाहेर रांगेतली माणसं ताटकळत उभी होती, कुणी कुरकुर केली नाही. भिंतीतला आवाज बंद झाला होता. नखंही थांबली होती. आत सगळ्यांनी कान लावले असावेत. सातव्या फुटाला, जिथं फुगवटा सगळ्यात जास्त होता, तिथं भूपाल थांबला. त्याची मान पद्मजाच्या बाजूला वळलेली होती. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा दिसत होता, कपाळावर घाम. तो तिच्यापासून सहा हातांवर होता.

"छातीवर बसलंय," तो म्हणाला.

"बोलू नका. श्वास सोडा."

"आलोच बघ जवळ."

"आलात. सोडा श्वास. एक पाऊल फक्त."

भूपालनं श्वास सोडला. त्यानं पाऊल उचललं. आणि भिंतीतून, त्याच्या कानाजवळ, एका माणसानं अतिशय हळू विचारलं, "अजून आहे का?"

भूपाल दचकला. तो 'नाही' म्हणाला. एकतीस वर्षांत पद्मजानं त्याला कुणाला 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. पण ते म्हणायला त्यानं श्वास आत घेतला होता. छाती फुगली, पाठ मागं टेकली, आणि दस्तगीरचा गिलावा कागद फाटतो तसा फाटला.

फार आवाज झाला नाही. फाटलेल्या जागेतून पिवळा, चिकट फेस बाहेर आला आणि त्यात बुडालेली माणसं, फुगलेली, ओळखू न येणारी, डोळे मिटलेली. ती बोळात पडली आणि पडल्या जागी विरघळली. बाहेर गल्लीत कुणीतरी एकच शब्द ओरडलं, "फुटलं!" तो शब्द रांगेतून मागं मागं गेला.

सगळ्यात आधी प्लेटलेट आल्या. त्या लहान होत्या, ताटलीएवढ्या, त्यांना डोकं नव्हतं. पद्मजाच्या पायांमधून, खांद्यावरून, कानाजवळून त्या हजारांनी आत गेल्या. फाटलेल्या कडेला चिकटल्या, मग एकमेकींना चिकटल्या, आणि चिकटताच त्यांना हात फुटले, त्या हातांनी त्यांनी मागून येणाऱ्यांना ओढून घेतलं. त्यांच्या मागून धावत आले ते न्यूट्रोफिल. पहिलं बटण. त्यांच्या छातीत जांभळ्या तीन-तीन, चार-चार गाठी होत्या, एका दोऱ्यात ओवलेल्या.

"थांबा," पद्मजा दोन्ही हात पसरून बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. "माझा माणूस आहे आत."

"फुटलंय," पुढचा न्यूट्रोफिल म्हणाला. "बुजवायला पाहिजे. नाहीतर रक्त बाहेर जाईल."

"कुठं चाललंय रक्त बाहेर? बघा. आतल्या आत फुटलंय. बाहेर काहीच जात नाहीये."

त्यानं खरंच वाकून पाहिलं. "फुटलं की आम्ही येतो," तो म्हणाला. "आत की बाहेर, ते आम्हाला कळत नाही."

तो तिच्या काखेतून आत गेला. फाटलेल्या जागेशी पोचल्यावर त्यानं छातीत हात घातला, पहिली गाठ सोडली आणि दोरा बाहेर ओढला. ओढत गेला तसा तो रिकामा होत गेला. दोरा त्यानं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेकला, आणि मग तो नव्हता, फक्त दोरा होता. दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्यानं. दोऱ्यात दोरे अडकले, जाळं झालं, जाळ्यात प्लेटलेट अडकल्या, तांबड्या पेशी अडकल्या, भाकरीची पिशवी अडकली, भिजलेली लुगडी अडकली. भूपालचा चेहरा जाळ्यामागं गेला. आधी तो दिसत होता, मग नुसता डोळा दिसत होता.

"पद्मा."

"आहे. इथंच आहे मी."

"ओढ."

तिनं पाय भिंतीला टेकवले, जाळं दोन्ही मुठींत धरलं आणि जीव खाऊन मागं ओढलं. ते आलं. हातभर आलं. तिला बरं वाटलं. तिनं हात पुढं घेऊन पुन्हा ओढलं, तेव्हाही ते आलं, गुळगुळीत, जांभळं, न तुटता. पलीकडून भूपाल म्हणत होता, ओढ, ओढ, आणि त्याचा आवाज मात्र जवळ येत नव्हता. मागं उभ्या राहिलेल्या कुणीतरी तिच्या पाठीवर मऊ हात ठेवला, मदतीला. तिनं आणखी ओढलं. मग तिच्या अंगातलं बळ एकदम कमी झालं, म्हणून तिनं खाली पाहिलं. जाळ्यातला दोरा तिच्या हातात येत नव्हता. तो तिच्या तळहातातून निघत होता, आणि जाळ्यात जात होता.